घराचा भाव जागेवर ठरतो

सारखीच दोन घरं, एक एसटी थांब्याजवळ, दुसरं ओढ्याकाठी. भाव पहिल्याला जास्त. भिंत पुन्हा बांधता येते, जागा हलवता येत नाही. म्हणून घर घेण्याआधी पावसाळ्यात एकदा जाऊन रस्ता आणि पाणी बघा.

विकताना पहिल्याच गिऱ्हाइकाला होकार देऊ नका. शेजारची घरं कितीला गेली ते विचारा. दुय्यम निबंधक कार्यालयात सरकारी दर, म्हणजे रेडी रेकनर, समजून घ्या. व्यवहार 8 लाखांचा, पण सरकारी दराने किंमत 10 लाख असेल, तर मुद्रांक शुल्क 10 लाखांवर लागतं.

महाराष्ट्रात 2021 पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर या शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 10 लाखांवर 10 हजार वाचतात, आणि घरही आपल्या नावावर होतं.