विकासकामांवरील राखणदार

जोंधळ्याचें कणीस भरूं लागलें म्हणजे शेतकरी शेतांत माळा उभारतो व त्यावर गोफण देऊन राखणदार बसवितो. हा राखणदार कांहीं पेरीत नाहीं आणि कांहीं कापीतहि नाहीं. तथापि तो नसेल तर पेरणाऱ्याचे कष्ट पांखरांच्या पोटांत जातात. रस्ते, धरणें, वीजकेंद्रें इत्यादि मोठ्या कामांवरहि सरकारनें असाच एक राखणदार नेमलेला असतो. त्यास पर्यावरण-अधिकारी म्हणतात. त्याच्या कामाची ओळख आपल्या बीड जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस व पालकांस व्हावी, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

आपला जिल्हा अवर्षणाचा. पावसाळा सरला कीं सहस्रावधि कुटुंबें ऊसतोडीसाठीं परगांवीं जातात. अशा जिल्ह्यास रस्ते, रेल्वे, पाणी व वीज हीं हवींतच, याविषयीं दुमत नाहीं. माजलगांवास सिंदफणेवर धरण झालें. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राजमार्ग जिल्ह्यांतून चौपदरी झाला. अहिल्यानगर-बीड-परळी या सुमारें २६१ किलोमीटरांच्या लोहमार्गावर सप्टेंबर २०२५ मध्यें बीड शहरापर्यंत गाडी धांवूं लागली. परळी वैजनाथास तर १९७१ सालापासून कोळशावर वीज निर्माण होत आली आहे. परंतु अशा प्रत्येक कामांत कांहीं मिळतें व कांहीं द्यावें लागतें. देणारा व घेणारा एकच असता तर तक्रारीस जागा नव्हती. वीज मात्र तारांवरून दूरदूरच्या शहरांस जाते, आणि तिची राख परळीच्या परिसरांतच पडून राहते. हा विषमपणा शक्य तितका कमी व्हावा म्हणून कायदा अशा कामांस अटी घालतो. आणि त्या अटी पाळल्या जातात कीं नाहीं हें पाहणें हें पर्यावरण-अधिकाऱ्याचें कर्तव्य होय.

हे कायदे फार जुने नाहींत. मोठें सरकारी काम हातीं घेण्यापूर्वीं त्याचा हवा, पाणी, जमीन व जीवसृष्टि यांवर काय परिणाम होईल याचा लेखी अभ्यास झालाच पाहिजे, असा कायदा अमेरिकेंत १९७० च्या आरंभीं अमलांत आला. त्याच वर्षीं आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालें. १९७२ सालीं स्टॉकहोम येथें या विषयावर जगांतील राष्ट्रांची परिषद भरली. त्यानंतर आपल्या देशांत १९७४ मध्यें पाण्याच्या व १९८१ मध्यें हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कायदे झाले. तरीहि समाजाचे डोळे खऱ्या अर्थानें उघडले ते भोपाळच्या दुर्घटनेनें. १९८४ च्या डिसेंबरांत, २ व ३ तारखांमधील रात्रीं, तेथील कारखान्यांतून विषारी वायु सुटला व हजारों माणसें प्राणांस मुकलीं. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा हें त्या आपत्तीचें फळ होय. त्याच कायद्याखालीं १९९४ सालीं व पुन्हां १४ सप्टेंबर २००६ रोजीं अधिसूचना निघून, ठराविक कामांस पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. रेल्वेमार्ग या यादींत नाहींत. मात्र त्यांस वनजमीन लागल्यास तेवढ्यापुरती निराळी परवानगी घ्यावी लागते.

ही परवानगी कशी मिळते तें थोडक्यांत सांगतों. प्रथम काम करणारी संस्था आपल्या योजनेच्या परिणामांचा अभ्यास तज्ज्ञांकडून करवून घेते. नंतर बहुतेक मोठ्या कामांच्या बाबतींत त्या भागांतच जनसुनावणी होते. तिची सूचना निदान ३० दिवस आधीं वर्तमानपत्रांतून द्यावी लागते, आणि जिल्हाधिकारी अथवा त्यांचे प्रतिनिधि अध्यक्षस्थानीं असतात. शेतकरी असो, मजूर असो, कोणासहि तेथें उभें राहून आपलें म्हणणें मांडतां येतें व तें लिहून घेतलें जातें. मग तज्ज्ञांची समिति सर्व कागद तपासून आपली शिफारस करते. परवानगी मिळाली तर ती अटींसह मिळते, आणि राखणदाराचें काम येथूनच सुरू होतें.

परळीचेंच उदाहरण घेऊं. तेथील जुने संच कालांतरानें बंद झाले असून पुढें २५० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. आपल्या देशांतील कोळशांत राखेचें प्रमाण फार असतें; शंभर गाड्या कोळसा जाळिला तर सामान्यतः तीस ते चाळीस गाड्या राख उरते. तींतील बारीक राख धुराबरोबर वर जाऊं पाहते. तिला विजेच्या आकर्षणानें धरून ठेवणारें यंत्र धुराच्या वाटेंत बसविलेलें असतें. तें नीट चाललें तर उंच धुराड्यांतून बहुतांशीं स्वच्छ वायु बाहेर पडतो. तें बिघडलें तर अंगणांत वाळत घातलेल्या धान्यावर, कापसाच्या बोंडांवर आणि लेकरांच्या छातींत राख उतरते. म्हणून २००४ ते २०१६ या काळांत उभारलेल्या संचांच्या धुरांत दर घनमीटरास ५० मिलिग्रॅमपेक्षां अधिक कण असूं नयेत, अशी मर्यादा आहे. अधिकारी ती केवळ कागदावरून मानीत नाहीं. धुराड्यावर मोजणी होते, आणि आसपासच्या वस्तींत हवा ओढून घेणारीं यंत्रें ठेवून तेथील धुळीचेंहि वजन केलें जातें.

उरलेली राख पाण्याबरोबर राखेच्या तळ्यांत सोडतात, किंवा कोरडीच गाड्यांत भरून नेतात. येथें अधिकाऱ्याचे प्रश्न अगदीं साधे असतात. तळ्याचा बांध भक्कम आहे काय? उन्हाळ्यांत वरचा थर वाळून वाऱ्यावर उडत नाहीं ना? जवळच्या विहिरींत राखेचें पाणी पाझरत नाहीं ना? राखेच्या गाडीवर ताडपत्री घट्ट बांधली आहे काय? प्रश्न साधे खरे. परंतु त्यांच्या उत्तरांवर त्या परिसरांतील कुटुंबांचें आरोग्य अवलंबून असतें.

पाण्याचा नमुना घेण्याची रीत विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९७४ च्या कायद्याप्रमाणें अधिकारी प्रथम कारखानदारास सूचना देतो. मग त्याच्या समक्ष नमुना घेऊन त्याचे दोन भाग करितो, भांड्यांवर मोहोर लावतो व दोघांच्या सह्या होतात. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जातो. कारखानदाराची मागणी असल्यास दुसरा भाग कायद्यानें नेमलेल्या अन्य प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. ज्याच्यावर आरोप येण्याचा संभव आहे त्यालाहि न्याय मिळावा, आणि ज्याचें पाणी बिघडलें त्यालाहि मिळावा, अशी ही दुहेरी काळजी आहे.

पर्यावरणाचा अभ्यास म्हणजे कामांत घातलेला अडथळा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु परळीचा अनुभव वेगळेंच शिकवितो. या केंद्रास माजलगांव धरण व गोदावरीवरील खडका बंधारा यांच्या पाण्याचा आधार. फेब्रुवारी २०१३ मध्यें दुष्काळामुळें पाणी न उरल्यानें सबंध केंद्र बंद ठेवावें लागलें, आणि २०१५ सालींहि तीच पाळी आली. कोळसा होता, यंत्रें होतीं, कामगारहि होते. नव्हतें तें पाणी. तेव्हां पाणी कोठून येईल व दुष्काळांत तें प्रथम कोणाचें, हे प्रश्न जितके सृष्टीच्या हिताचे, तितकेच स्वतः त्या कामाच्याहि हिताचे असतात.

रस्त्याच्या कामावर हाच अधिकारी निराळ्या गोष्टी पाहतो. खडी केंद्राची धूळ शेजारच्या पिकांवर बसूं नये म्हणून पाणी शिंपडलें जातें काय? मुरूम काढलेले खड्डे तसेच उघडे तर टाकले नाहींत? ओढ्यावरची मोरी पुरेशी रुंद आहे काय? मोरी अरुंद राहिली तर भराव्याच्या वरच्या अंगास पाणी तुंबतें व उभें पीक कुजतें. तोडलेल्या झाडांच्या मोबदल्यांत किती रोपें लावलीं हें तो विचारतोच. पण तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगलीं हें विचारणारा अधिकारी खरा. आणि येथें रस्त्याची व राखेची गांठहि पडते. वीजकेंद्राच्या ३०० किलोमीटरांच्या आंतील रस्त्यांच्या भराव्यांत, शक्य तेथें, राख वापरावी असा नियम आहे. जी राख विहिरी बिघडविते तीच योग्य रीतीनें दाबून बसविली तर रस्ता उचलून धरते, आणि तेवढी सुपीक माती शेतांत राहते. २०२१ च्या डिसेंबरांतील अधिसूचनेनें तर न वापरलेल्या राखेवर दर टनास १००० रुपये भरपाई बसविली आहे.

या अधिकाऱ्याचें काम सोपें नाहीं. अटी पाळल्याचा अहवाल काम करणारी संस्था स्वतःच दर सहा महिन्यांनीं, १ जून व १ डिसेंबर रोजीं, देते. स्वतःच्या उत्तरपत्रिकेस स्वतःच गुण दिल्यासारखें हें आहे. म्हणून ती उत्तरपत्रिका दुसऱ्यानें तपासणें अवश्य असतें. तपासणारे थोडे आणि कामें अनेक. शिवाय नोटीस देण्यापासून केंद्राचें पाणी व वीज तोडण्यापर्यंतचे अधिकार कायद्यांत असले, तरी चालतें काम बंद केलें कीं मजुराची चूलहि बंद होते. तेव्हां भयानें डोळे झांकणारा अधिकारी जसा नको, तसा तोऱ्यानें टाळें ठोकणाराहि नको. जें मोजलें तेंच लिहावें, आणि दुरुस्तीस वाजवी मुदत देऊन ती संपतांच पुन्हां जाऊन पाहावें, हीच त्याची खरी परीक्षा. त्याच्या वहींतील एक खोटा आंकडा कोणास दिसत नाहीं. परंतु त्याचें मोल एखादें खेडें वर्षानुवर्षें भरीत राहतें.

ज्या विद्यार्थ्यांस हें काम करावेंसें वाटेल त्यांनीं रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा अभियांत्रिकी मन लावून शिकावी, व त्याबरोबरच कायद्याची भाषा समजून घ्यावी. मराठीहि चांगली यावी. कारण विहिरीचा रंग केव्हां बदलला हें एखाद्या आजीकडून आपुलकीनें विचारून घ्यावें लागतें, तें यंत्र सांगत नाहीं.

परंतु सारा भार अधिकाऱ्यावर टाकून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. परवानगी मिळाल्याची सूचना मराठी वर्तमानपत्रांतून द्यावी लागते, आणि परवानगीच्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीसहि मिळावयाची असते. परवानगीविरुद्ध दाद मागावयाची असल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचें पुणें येथील पीठ आहे. मात्र त्यास मुदत ठराविक असते. आपल्या गांवावरून रस्ता जात असेल वा जवळ कारखाना येत असेल, तर पालकांनीं जनसुनावणीस अवश्य जावें. ज्या घरांत वडीलधाऱ्यांस वाचतां येत नाहीं, तेथें शाळेंत जाणाऱ्या मुलानें वा मुलीनें तें पत्र ग्रामपंचायतींतून मागून आणावें व दिव्याशीं बसून एकेक अट मोठ्यानें वाचून दाखवावी. आपण शाळेंत शिकलों त्याचा एवढा उपयोग गांवास झाला, तर त्या दिव्याच्या विजेचें ऋण कांहीं अंशीं फिटलें असें आम्ही समजूं.