लिलाव चित्राचा, आजारी मुलाचा नव्हे

लालबागच्या राजाचे विसर्जन झाले की काही दिवसांनी तिथे दुसरी गर्दी जमते. भक्तांनी वर्षभराच्या नवसापोटी वाहिलेले सोन्याचांदीचे हार, मोदक, मूषक लिलावात निघतात. एकाने आकडा पुकारला की मागून दुसरा चढतो, ‘एक वार, दोन वार’ होते आणि वस्तू सराफाच्या भावापेक्षा चढ्या किमतीला जाते. सराफाचा भाव सोन्याचा, वरची रक्कम श्रद्धेची. मंडळ डायलिसिस केंद्र चालवते, गरजू रुग्णांना मदत करते, त्यामागे ही वरकडही असते.

धर्मादाय लिलावाचे सगळे गणित या वरकडीत आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या गंभीर आजारी किंवा जखमी मुलांसाठी असा लिलाव मोबाइलवरून भरवायचा, तर सुरुवात इथूनच करावी लागेल.

आधी पैसा नेमका कशाला लागतो ते पाहू. डहाणूचे कॉटेज हॉस्पिटल, कासा उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय आणि धुंदलवाडीजवळचे वेदांता वैद्यकीय महाविद्यालय, एवढी सोय तालुक्यांतच आहे. पुढचे उपचार लागले की सिल्वासा, वलसाड, नाहीतर मुंबई. महामार्गावरच्या अपघातात हाड मोडलेले मूल, चुलीशी भाजलेले, सिकलसेलने पुन्हा पुन्हा दाखल होणारे, हृदयाला जन्मतः छिद्र असलेले. यातली सिकलसेलची आणि हृदयदोषाची मुले राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अंगणवाडीत किंवा आश्रमशाळेत सापडू शकतात. २०१३ पासून ही तपासणी सुरू आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे आहे. शिवाय धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात.

म्हणजे शस्त्रक्रियेच्या बिलाला बरेचदा वाट निघते. वाट निघत नाही ती भोवतालच्या खर्चाला. परळच्या वाडिया किंवा टाटा रुग्णालयात मूल महिनोन्‌महिने ये-जा करते तेव्हा आईची मजुरी बुडते, बाप दोन ठिकाणी पळतो, धाकटी भावंडे शेजारी राहतात. मुंबईत नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन किंवा कर्करोगग्रस्त मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रे यांचे मोल इथे कळते. डहाणूहून चर्चगेटची लोकल २०१३ पासून सुटते, पण तलासरीच्या आतल्या पाड्यावरून डहाणू रोड स्टेशन गाठणे हाच आधी एक प्रवास असतो. लिलावाचा पैसा या फटीत घालावा. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या जनुकीय उपचारासाठी सोळा कोटी रुपये लोकांनी जमवले आणि केंद्राने औषधावरचे करही माफ केले. तेवढी उडी लिलावाने मारता येत नाही आणि मारू पाहूही नये.

आता विकायचे काय? प्रसिद्ध माणसाची वस्तू सर्वांत सोपी. टोकियो ऑलिंपिकमधला नीरज चोप्राचा भाला पंतप्रधानांच्या भेटवस्तूंच्या ई-लिलावात दीड कोटीला गेला, बीसीसीआयने तो घेतला आणि पैसा नमामि गंगेला मिळाला. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या भालाफेकीत रौप्य मिळवणाऱ्या पोलंडच्या मारिया आंद्रेचिकने आठ महिन्यांच्या एका बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी आपले पदकच बोलीवर ठेवले. एका दुकानसाखळीने सव्वा लाख डॉलरची बोली जिंकली आणि पदक तिच्याकडेच राहू दिले. या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र मागे पडला. त्या बाळासाठी थोडा निधी आधीच होता, कारण दुसऱ्या एका मुलासाठी पैसे जमले होते, ते मूल वाचले नाही आणि त्याच्या माणसांनी तो पैसा पुढे दिला. उरलेल्या किंवा वापरता न आलेल्या पैशाचे काय करणार, हे लिलावाच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे. नंतर ठरवायला गेले की घरच्यांना त्यांच्या सर्वांत वाईट आठवड्यात हिशेब विचारावा लागतो.

डहाणू-तलासरीकडे ऑलिंपिक पदक नाही, पण वारली चित्र आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी गेरूच्या भिंतीवरचे पांढरे पिठाचे जग कागदावर, कापडावर आणले; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. लग्नघरात सवाशिणी काढतात तो पालघटाचा चौक विधीचा आहे, त्याला लिलावात हात लावू नये. बाजारासाठी काढलेली चित्रे मात्र पाड्यापाड्यांत आहेत, आणि इथेच आयोजकांचा पाय घसरण्याची भीती असते. ‘आपल्याच मुलांसाठी आहे, एक चित्र द्या की,’ असे चित्रकाराला म्हणणे फार सोपे. ज्याच्या घरातले मूल उद्या याच निधीच्या दारात उभे राहू शकते, त्याच्याकडूनच दान मागण्यात कसले आले औदार्य?

माझ्या मते नियम साधा ठेवावा. चित्रकाराची नेहमीची किंमत हीच सुरुवातीची बोली. ती त्याला पूर्ण द्यायची, चित्र विकले गेले नाही तर चित्र परत. वरची प्रत्येक वाढ मुलांची. लालबागसारखेच, सोन्याचा भाव सोन्याला.

बोलीचे यंत्र चालवताना चार गोष्टी आधी जाहीर कराव्यात: बोली कितीने चढेल, कधी बंद होईल, पैसे किती तासांत भरायचे, आणि जिंकणाऱ्याने पाठ फिरवली तर दुसऱ्या क्रमांकाला विचारणार का. मोठ्या चित्रासाठी थोडी अनामत घ्यावी, हौसेची खोटी बोली तिथेच गळते. शेवटच्या मिनिटाला टपून बसणारे असतातच. म्हणून अखेरच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी वाढवायची. झाईच्या बंदरात मासळीचा लिलाव सगळ्यांदेखत होतो तशी मोबाइलवरही चालू बोली सर्वांना दिसली पाहिजे. गुपचूप फॉर्म भरून घेतले की संशय येतो आणि भावही चढत नाही. कारण भाव एकट्या उत्साही माणसामुळे वाढत नाही, त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा लागतो. हरलेल्यांकडे पैसे असतात आणि मनही झालेले असते. त्यांना लगेच साध्या देणगीचा दुवा पाठवावा. कुरियरमध्ये चित्र चुरगळते, म्हणून काही बोली न पाठवता येणाऱ्या गोष्टींवर ठेवाव्यात: चित्रकार मुंबईत येऊन तुमच्या घरातली एक भिंत रंगवील, किंवा बोर्डी-घोलवडच्या चिकूवाडीत एक दिवस.

कायद्याचे थोडक्यात. नोंदणीकृत न्यास असेल तर उत्तम. चार मित्रांनी मिळून निधी जमवायचा असेल, तर गणेश मंडळे घेतात तशी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून घ्यावी. बोलीच्या पूर्ण रकमेवर देणगीच्या आयकर सवलतीची पावती देऊ नये, घेणाऱ्याला बदल्यात वस्तू मिळालेली असते. परदेशी नागरिकाची बोली एफसीआरए नोंदणीशिवाय घेऊ नये. भारतीय पासपोर्टवर दुबईत राहणाऱ्याची चालते. आणि तिकिटे विकून ‘लकी ड्रॉ’ काढण्याचा मोह टाळावा, परवानगीविना लॉटरी चालवणे गुन्हा आहे.

राहिला मुलाचा फोटो. नाकात नळी, डोळ्यांत पाणी, खाली क्यूआर कोड: पैसा येतो, हे खरे. पण ते मूल बरे होऊन आश्रमशाळेत परत जाते तेव्हा तो फोटो वर्गातल्या मोबाइलांवर असतो. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. पण ॲडमिट करण्याच्या घाईत कुठल्याही कागदावर अंगठा उठवणाऱ्या बापाची संमती कितपत खरी? पानावर चित्र असावे, चित्रकाराचे नाव असावे. मुलांबद्दल आजाराचा प्रकार, खर्चाची बाब आणि रुग्णालयाची पावती, नाव झाकून, एवढे पुरते.

वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी. दिवाळी झाली की इथली कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, पोरे बरोबर जातात आणि उपचार मध्येच तुटतात. दसऱ्याच्या सुमारास बोली बंद झाली तर मुंबईकरांची दिवाळीची खरेदी गाठता येते, चित्रकाराचे पैसे सणाआधी पोचतात, आणि एखाद्या आईला त्या हंगामात मुलाला घेऊन घरीच राहायचे असेल, तर तिच्या बुडणाऱ्या मजुरीचा पहिला महिना निधीतून देता येतो.