चिंध्यांना लाभलेला देह

कापडाच्या व्यापारात ताग्याला भाव असतो, कटपीसलाही असतो. चिंधीला मात्र भाव नसतो. शिंप्याने कापड बेतले, कापले, की जे उरते ते कोपऱ्यातल्या पोत्यात जाते. घरातील जुने कपडे बोहारणीच्या हाती पडतात आणि त्यांच्या बदल्यात एखादे पातेले घरात येते. पूर्वीच्या घरांतून याच उरल्यासुरल्या तुकड्यांची बाहुली होत असे. आजी जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळी, दोऱ्याने मान आवळी, काळ्या धाग्याने डोळे काढी आणि नात ती बाहुली उशाशी घेऊन निजे. ती बाहुली ओबडधोबड असे. परंतु तिची भीती कोणाला वाटत नसे.

फ्रान्समधील मिशेल नेजार या कलावंताने साहित्य तेच घेतले. चिंध्या, सुतळी, माती, याहून मोलाचे त्यात काही नव्हते. पण त्यातून घडलेल्या बाहुल्या पाहून मनुष्य क्षणभर थबकतो. काळपट, मातकट अंग, गुंडाळलेले हातपाय, डोळ्यांच्या जागी खळगे आणि उघडे राहिलेले तोंड. जमिनीतून नुकतेच काही उकरून काढावे, तसे त्यांचे रूप असते. बाहुलीसारख्या कोवळ्या वस्तूला असे रूप का यावे, या प्रश्नाचे उत्तर एका कापडवाल्या कुटुंबाच्या इतिहासात सापडते.

शिंप्याचे घर, जुना बाजार

नेजार यांचा जन्म १९४७ साली पॅरिसजवळ झाला. वडील मूळ अल्जीरियातील ज्यू घराण्याचे, व्यवसायाने शिंपी. आईचे कुटुंब पोलंडमधून आलेले. घरात कापड, कात्री आणि सुई यांचा वावर नित्याचा होता. लहानगा मिशेल बहिणींच्या बाहुल्यांशी खेळे आणि उरलेल्या तुकड्यांतून त्यांना कपडे करी. आजी जुन्या कपड्यांचा व्यापार करीत असे. पॅरिसच्या वेशीवर जुन्या मालाचा एक मोठा बाजार भरतो. फ्रेंच लोक त्याला ‘पिसवांचा बाजार’ म्हणतात. आजीचा माल तेथे विकला जाई. कोणी टाकलेले, कोणी विकलेले, कोणाच्या मृत्यूनंतर घराबाहेर पडलेले कपडे त्या बाजारात येत. कोणत्याही जुन्या कपड्यात त्याच्या धन्याचे काही तरी उरलेले असते. कोपराला झिजलेली बाही, गुडघ्याला पडलेला फुगवटा, गळ्याशी घामाचा डाग. अंग निघून गेले तरी अंगाचा आकार कापडात राहतो, हे ज्ञान त्या मुलाला बाजारानेच दिले असावे.

किशोरवयातच ते शिवणकामाच्या धंद्यात उमेदवार म्हणून शिरले. याच काळात त्यांनी आलँ रेने यांचा ‘रात्र आणि धुके’ हा १९५६ सालचा माहितीपट पाहिला. नाझी छळछावण्यांवरील हा चित्रपट जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. पण त्यातील प्रेतांचे ढीग, केसांच्या आणि कपड्यांच्या राशी एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना छावण्यांकडे पाठविण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,५०० परत आले. नेजार यांच्या नातलगांपैकीही अनेक जण या संहारात नाहीसे झाले होते. ज्यांना तिरडी मिळाली नाही, ज्यांच्या नावाने कबर झाली नाही, अशा माणसांचे काय करायचे, हा प्रश्न वाचलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे होता. बहुतेकांनी तो मौनात ठेवला.

बाहुली कशी घडते

१९७० नंतरची काही वर्षे नेजार यांनी प्रवासात घालविली. मेक्सिकोत त्यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या आणि विधींमध्ये वापरल्या जाणाऱ्या बाहुल्या पाहिल्या. तेथे बाहुली हे केवळ मुलांचे खेळणे नव्हते. तिच्यात शक्ती असते, ती रक्षण करते, अशी श्रद्धा होती. पॅरिसला परतल्यावर त्यांनी स्वतः बाहुल्या करण्यास आरंभ केला. पहिल्या बाहुल्या रंगीत होत्या. हळूहळू रंग मावळले आणि माती आली.

त्यांची रीत शिंप्याच्या रीतीच्या अगदी उलट आहे. शिंपी मोजतो, बेततो, कापतो आणि टाके दिसू देत नाही. नेजार चिंध्या पिळतात, गुंडाळतात, गाठी मारतात, सुतळीने आवळतात. मग ते गाठोडे रंगाच्या आणि मातीच्या पाण्यात बुडवून वाळविले जाते आणि पुन्हा बुडविले जाते. नुसती कच्ची माती वाळताना आकसते आणि तडकते. कापडाचे तंतू मात्र तिला धरून ठेवतात. आपल्याकडे मातीच्या भिंतीत भुसा घालतात, त्यामागेही हेच कारण आहे. ओले कापड वाळले की ताठ होते, घड्या कायमच्या बसतात, गाठी देहात रुतल्यासारख्या दिसू लागतात. अखेरीस कापड कोठे संपते आणि माती कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. चिंधीची कातडी होते.

या बाहुल्यांना त्यांनी ‘शेरदाम’ असे नाव दिले. फ्रेंच भाषेत ‘शेर’ म्हणजे मांस आणि ‘आम’ म्हणजे आत्मा. दोन्ही शब्द त्यांनी एकत्र शिवले. टाकाऊ कापडाच्या गाठोड्याला देह आणि आत्मा ही दोन्ही नावे एकदम देणे, हेच या कलेचे मर्म आहे.

भीती कशाची वाटते

निर्जीव वस्तू पाहताना ती सजीव तर नाही ना, अशी शंका मनात येते तेव्हा मनुष्य अस्वस्थ होतो, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ अर्न्स्ट येंट्श यांनी १९०६ साली मांडले होते. मेणाचे पुतळे आणि बाहुल्या यांच्याबाबतीत ही शंका सहज उद्भवते. दुकानातील गुळगुळीत बाहुली फार हसरी आणि फार नवी असते. तिने काही सोसलेले नसते. नेजार यांच्या बाहुलीने मात्र पुष्कळ सोसले आहे असे वाटते, आणि जे सोसते ते जिवंत असते, हे आपले मन जाणते. आपल्या बाजारपेठांतून दुकानाच्या चौकटीला काळी बाहुली टांगलेली दिसते. ती सुंदर असावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते. वाईट नजर तिने स्वतःवर घ्यावी, एवढेच तिचे काम. कुरूपतेलाही एक कर्तव्य असू शकते, हे बाजाराला पूर्वीपासून ठाऊक आहे.

नेजार यांच्या बाहुल्यांचे कर्तव्य कोणते, हे समजण्यासाठी इतिहासातील एक भयंकर तपशील आठवावा लागतो. क्लोद लान्झमन यांच्या ‘शोआ’ या १९८५ सालच्या प्रदीर्घ चित्रपटात लिथुआनियातील पोनारी येथून वाचलेल्या दोन कैद्यांची साक्ष आहे. सामूहिक खड्ड्यांतील प्रेते उकरून जाळण्याचे काम नाझींनी त्यांच्यावर लादले होते. ‘प्रेत’ हा शब्द उच्चारण्यास त्यांना बंदी होती. त्या देहांना ‘बाहुले’ म्हणा किंवा ‘चिंध्या’ म्हणा, असा हुकूम होता. माणूस मारल्यानंतर त्याचे माणूसपणही पुसून टाकण्याचा तो प्रयत्न होता.

शिंप्याच्या या मुलाने नेमके उलट केले. मारणाऱ्यांनी देहाला चिंधी म्हटले. त्याने चिंधीला देह दिला. मारणाऱ्यांनी माणसाचे बाहुले केले; त्याने बाहुलीतून माणूस उभा केला. हे दोन तपशील शेजारी ठेवले की त्या बाहुल्यांचे उघडे तोंड भेसूर वाटण्याऐवजी काही सांगू पाहणारे वाटू लागते.

बाजारातून संग्रहालयात

या बाहुल्यांना मान मिळाला तो कलेच्या शाळांबाहेरून. औपचारिक शिक्षणाशिवाय, अंतःप्रेरणेने घडलेल्या कलेचा पुरस्कार करणारे फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे यांना नेजार यांच्या कामाचे आकर्षण वाटले. द्युब्युफे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या, स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संग्रहालयात नेजार यांच्या कृती आहेत. १९८२ साली नेजार यांनी मादलेन लोमेल आणि क्लेर तेलेर यांच्यासह ‘लारासिन’ ही संस्था स्थापन केली आणि उपेक्षित, अनाम हातांनी घडविलेल्या कलाकृती जमविल्या. तो संग्रह १९९९ साली उत्तर फ्रान्समधील विलनव्ह दास्क येथील संग्रहालयाला दान करण्यात आला. २०१७ साली त्याच संग्रहालयात नेजार यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरले.

विशेष म्हणजे माती कायमची राहिली नाही. पुढील काळात त्यांच्या हातून ज्यूंच्या पुरीम या सणाच्या बाहुल्या घडल्या. त्या झगमगीत, रंगीबेरंगी आणि खट्याळ आहेत. पुरीम हा संहारातून वाचल्याचा सण. ज्या हातांनी मृतांना देह दिला, त्याच हातांनी वाचलेल्यांना उत्सवाची वस्त्रे नेसविली. शोकाला त्याचा पुरता वेळ दिल्यावरच हे रंग परत आले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

प्रत्येक घरात अशी एखादी पेटी असते, जिच्यात गेलेल्या माणसाचे धोतर, टोपी किंवा फाटकी शाल ठेवलेली असते. हिशेबाच्या दृष्टीने तिला किंमत नाही. तरीही ती बोहारणीला दिली जात नाही. घरातील मुलांनी त्या पेटीविषयी विचारले, तर ते वस्त्र उलगडून दाखवावे आणि ते कोणी, कोठे, कसे वापरले हे सांगावे. कापड झिजते, रंग उडतो. पण नाव सांगणारे कोणी असेल, तोवर ती चिंधी होत नाही.