कुंडी आमची, टॉयलेट मनीचं!

रविवारी नर्सरीत जाऊन कोकोपीटच्या विटा आणायच्या, त्या बादलीत भिजवायच्या, त्यात गांडूळखत मिसळायचं, टब भरायचे, मेथी पेरायची, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. आठवडाभर ऑफिस, मीटिंग्ज, ट्रॅफिक. आणि शनिवारी सकाळी कॉफीचा मग घेऊन टेरेसवर जावं तर टबाच्या मधोमध खड्डा! नुकते फुटलेले कोंब इतस्ततः, माती फरशीवर, आणि खड्ड्यात... असो, तुमची ब्रेकफास्टची वेळ असेल. वास सगळं सांगतोच.

ग्राउंड फ्लोअरचं गार्डन, रो-हाउसचं अंगण किंवा पहिल्या-दुसऱ्या मजल्याचं टेरेस, यातलं काहीही तुमच्याकडे असेल तर ही कहाणी ओळखीची वाटेल. मग सुरू होतो उपायांचा पाऊस. शेजारचे काका म्हणतात फिनेल टाक, वॉचमन म्हणतो डांबराच्या गोळ्या, आई फोनवर सांगते तिखट भुरभुरव. कोणीतरी लाल पाण्याची बाटली टांगायला सांगतंच. (बॉस, ती बाटली कुत्र्यांसाठी असते, आणि कुत्रीसुद्धा तिच्याशेजारी निवांत बसलेली मी पाहिली आहेत.)

यातल्या निम्म्या उपायांचा काही उपयोग नाही. उरलेल्या निम्म्यांनी मांजर मरू शकतं. मधला मार्ग आहे, आणि तो मुख्यतः मातीतून जातो.

तुमचीच कुंडी का?

मांजर खुनशीपणाने हे करतं असा आपला एक लाडका समज आहे. 'मी त्याला हाकललं ना, म्हणून मुद्दाम माझ्या मोगऱ्यात!' असं काही नसतं. आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातली रानमांजरं, कोरड्या, रेताड मुलखात राहणारी. सायप्रस बेटावर साधारण ९५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं, ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे आपली दोस्ती तेव्हापासूनची. तर या प्राण्याची सवय अशी, की भुसभुशीत, कोरडी जागा शोधायची, पंजाने खड्डा करायचा, काम उरकायचं आणि वर माती ओढायची.

आता तुमच्या सोसायटीकडे मांजराच्या नजरेने बघा. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक. ड्राइव्ह-वेला काँक्रीट. लॉनवर दिवसातून दोनदा पाणी. अख्ख्या कंपाउंडमध्ये मऊ, हलकी, सहज उकरता येणारी जागा एकच, तुम्ही प्रेमाने भुसभुशीत केलेला मेथीचा टब! फाइव्ह स्टार सोयच की ही. त्यातून एकदा वापर झाला की वास राहतो, आणि वास राहिला की मनी त्याच जागी परत येते.

पावसाळ्यात तर आणखी गंमत. बाहेर सगळीकडे चिखल, आणि कोरडी माती उरते फक्त छपराखालच्या कुंड्यांमध्ये. ज्यांना उन्हाळाभर काही त्रास नव्हता त्यांच्याकडेही मग जूनमध्ये पाहुणे येऊ लागतात.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. शेपटी ताठ उभी करून भिंतीवर, कुंडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा तुमच्या बुटांवर मारलेली पिचकारी हे टॉयलेट नव्हे. ती बोक्याची नेमप्लेट आहे, 'हा एरिया आपला'. तिथे मातीचे उपाय चालत नाहीत. त्याचं औषध वेगळं, ते शेवटी.

'ई' म्हणण्यापलीकडचं कारण

घाण, वास, मोडलेली रोपं हे सगळं आहेच. पण घरात कोणी प्रेग्नंट असेल तर हा विषय चेष्टेचा राहत नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत येऊ शकतो. निरोगी माणसाला बहुतेक वेळा तो येऊन गेल्याचं कळतही नाही. पण गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचू शकते. डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांनाही धोका आहेच.

आता लगेच पॅनिक होऊन मांजराला घराबाहेर काढू नका. मांजर साधारणपणे पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच ही अंडी बाहेर टाकतं, आयुष्यभर नाही. बाहेर पडलेली अंडी लगेच लागण करू शकत नाहीत, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे रोजची घाण रोज उचलली तर मोठा धोका तिथेच टळतो. पण उचललीच नाही, तर हीच अंडी ओलसर मातीत कित्येक महिने टिकतात. घाण सुकून मातीत मिसळली, आता काय होतंय, हा समज म्हणूनच चुकीचा.

तेव्हा प्रेग्नंट मैत्रिणीला किंवा वहिनीला कुंड्यांच्या कामातून सरळ सुट्टी द्या. तिला करायचंच असेल तर ग्लव्ह्ज हवेत, आणि नंतर साबणाने हात धुणं मस्ट. रक्ततपासणी हवी का, हे तिच्या डॉक्टरला विचारा. आणि ज्या टबात घाण झाली त्यातली कोथिंबीर, पालक, लेट्यूस, मुळा कच्चा खायचा नाही. नीट शिजवला तर चालेल. सॅलड मात्र विसरा.

साफसफाईचीही एक पद्धत आहे. ग्लव्ह्ज घाला, खुरप्याने घाण आणि भोवतालची दोन-तीन इंच माती एकत्र उचला, कागदात गुंडाळून पिशवीत बांधा आणि सॅनिटरी कचऱ्यात द्या. ओल्या कचऱ्यात नको, आणि घरच्या कंपोस्ट बिनमध्ये तर अजिबात नको. शेणाचं खत होतं मग याचं का नाही, असं विचारणारे भेटतात. उत्तर सोपं आहे: बाल्कनीतल्या बिनमध्ये हे जंतू मरतील एवढी उष्णता खात्रीने तयार होत नाही. फरशीवरच्या डागाला पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर वापरा. वास खरोखर जातो, नुसता झाकला जात नाही.

फिनेलची बाटली खाली ठेवा

आता काकांच्या उपायांकडे वळू. मांजराचं यकृत आपल्यासारखं नसतं. फिनॉल गटातली रसायनं शरीराबाहेर टाकायची यंत्रणा त्याच्याकडे फारच अपुरी आहे. आणि मांजराची सवय काय? फरशीवरून चालायचं आणि मग बसून पंजे चाटायचे. तुम्ही कुंडीभोवती ओतलेलं फिनेल अशा रीतीने थेट पोटात जातं. डांबराच्या गोळ्यांचंही तेच, त्या तर माणसाच्या लहान मुलांनाही विषारी आहेत. निलगिरी, टी ट्री, संत्र्याचं इसेन्शिअल ऑइल 'नॅचरल' आहे म्हणून सेफ, असं बिलकुल नाही. तिखटाने डोळ्यांची आणि पंजांची आग होते, आणि दुसऱ्या दिवशी पाणी घातलं की तिखट गायब. कॉफीचा चोथा आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांचा लाडका उपाय, पण कॅफीन मांजराला बाधतं.

मुद्दाम विष घालण्याबद्दल तर बोलायलाच नको. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहेच. शिवाय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजी लोक सांगायचे, मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं. सोन्याचा आजचा भाव बघता कायदा स्वस्तात सोडतोय म्हणायचं!

आणखी एक अस्सल देशी फंडा: पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणे. बऱ्याचदा मनी परत येते. नाही आली तर जागा रिकामी झाली म्हणून दुसरी येते. तुमचा टब तसाच भुसभुशीत, मग फरक काय पडला?

मग चालतं काय?

जाळी. ग्लॅमर शून्य, रिझल्ट सॉलिड. हार्डवेअरच्या दुकानात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची तारेची जाळी मागा. टबाच्या मापाची कापा, कडा आत वळवा (नाहीतर तुमचंच बोट कापेल) आणि मातीवर सपाट अंथरून वर अर्धा इंच माती पसरा. मेथी-कोथिंबिरीचे कोंब भोकांतून आरामात वर येतात, पण पंजा उकरायला गेला की तार लागते. मांजराला काही इजा होत नाही, फक्त कंटाळा येतो. आणि मांजराचा कंटाळा हेच तर आपल्याला हवंय.

मोठ्या कुंडीला जाळीचीही गरज नाही. मातीवर मोठे गोटे, विटांचे तुकडे किंवा करवंट्या पालथ्या घालून मांडा, उघडी माती दिसताच कामा नये. कोकणात नारळाची सोडणं झाडाच्या बुंध्याशी रचतात, तीही मस्त. ओलावा टिकतो हा बोनस. नुकत्या पेरलेल्या टबासाठी जुना खराटा मोडा आणि त्याचे हीर वीतभर लांबीचे कापून चार-चार बोटांवर उभे खोचा. गावाकडे वाफ्याभोवती बोराटीच्या फांद्या टाकतात त्याचंच हे फ्लॅट एडिशन. फक्त घरात लहान मूल असेल तर टोकं बोथट करा.

पेरण्याआधी रिकामे पडलेले टब हीच खरी धोक्याची जागा. तेव्हा टब भरल्यावर 'पुढच्या वीकेंडला पेरू' म्हणून तसाच उघडा सोडू नका. आणि शक्य असेल तिथे पाणी संध्याकाळी घाला. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतात, आणि ओल्या मातीत पाय घालणं त्यांना आवडत नाही. ज्या रोपांना ओल सोसत नाही, तिथे अर्थात हा उपाय नको.

संत्र्याच्या साली? वास मांजरांना आवडत नाही हे खरं, पण साल दोन दिवसांत वाळते आणि मग चिलटं येतात. नागपूरहून पेटी आली असेल तर करून बघा, भरवसा ठेवू नका. सतापाचं झुडूप लावणारेही आहेत. त्याच्या उग्र वासाची कीर्ती जुनी आहे, पण त्याचा चीक लागून उन्हात गेलं तर कातडीवर फोड येऊ शकतात, तेव्हा छाटताना जपून. अल्ट्रासोनिक यंत्रं ऑनलाइन भरपूर मिळतात. २००६ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यंत्राने मांजरांचं येणं काही प्रमाणात कमी झालं, बंद नाही झालं. बंगल्याची बाग असेल तर हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारं स्प्रिंकलर त्यापेक्षा बरं. फक्त पेपरवाल्याला आधी कल्पना द्या.

आणि त्यांनी जायचं कुठे?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून दोन दिवसांनी घाण शेजारच्या जोशीकाकूंच्या तुळशीत सापडते आणि भांडण सोसायटीच्या मीटिंगमध्ये जातं. कुंड्या बंद केल्या तर दुसरी सोय हवी. एक जुना रुंद टब, त्यात चार-पाच इंच बारीक कोरडी वाळू, कंपाउंडच्या निवांत कोपऱ्यात, वर पत्र्याचा किंवा फ्लेक्सचा आडोसा. सुरुवातीला त्यांचीच थोडी घाण त्या वाळूत टाका, म्हणजे पत्ता कळतो. रोज साफ करावा लागतो. नाही केला तर मनी पुन्हा तुमच्याकडेच!

रोज साफ कोण करणार, हीच ती मांजराच्या गळ्यातली घंटा. माझ्या मते, जो खायला घालतो त्याचा पहिला नंबर आणि ज्याच्या कुंड्या वाचतात त्याचा दुसरा. खाऊ घालणाऱ्यांशी भांडून काही होत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या प्राण्यांना खायला घालायची जागा सोसायटीनेच ठरवून द्यायची असते, मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि जिन्या-दारांपासून लांब. त्याच कोपऱ्याच्या आसपास वाळूचा टब ठेवला तर अर्धं काम झालं.

काकू मनीला रोज वाटीभर दूध घालत असतील तर आणखी एक गोष्ट. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि ते होतात तुमच्या कुंडीत. तेव्हा 'तुमच्या मांजरीने वाट लावली' असं सुरू करण्याऐवजी, 'काकू, मनीचं पोट बिघडलेलं दिसतंय हो, थोडे दिवस दूध बंद करून बघूया का?' असं म्हणून बघा. काकूंचा चेहरा लगेच बदलतो.

राहिला तो पिचकारीवाला बोका. त्याला नसबंदी हाच इलाज. त्यानंतर बहुतेक बोक्यांची ही सवय कमी होते, वासही सौम्य होतो, आणि रात्रीचं ते भेसूर भांडण थांबतं. माद्यांचंही करायला हवंच, कारण मादी पाच-सहा महिन्यांची होण्याआधीही गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत पिल्लं देते, आणि वर्षात दोन-तीनदा हे होऊ शकतं. या वर्षीची एक मनी म्हणजे पुढच्या वर्षीच्या तुमच्या टबाला किती गिऱ्हाइकं, हिशेब तुम्हीच करा. मुंबई महापालिकेने भटक्या मांजरांच्या नसबंदीचा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू केला. इतर शहरांत जवळच्या व्हेटकडे किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे चौकशी करा. ते पिंजरा लावून पकडतात, ऑपरेशन करतात आणि काही दिवसांनी त्याच जागी आणून सोडतात. सोसायटीत दहा फ्लॅट्सनी वर्गणी काढली तर एकेकाला पिझ्झाच्या बिलापेक्षा फार जास्त पडू नये.

पकडायच्या आधी कान बघा. टोक कापलेलं दिसलं तर त्या मनीचं काम आधीच झालंय. पिंजरा दुसरीसाठी ठेवा.