‘बॉट’ कुणाला म्हणायचे?

मगरिबनंतर अनेक घरांतून हल्ली असे आवाज येतात : ‘‘पिच्छेसे रश आरा, मैं नॉक हूँ, रिवाइव्ह दे जल्दी!’’ स्वयंपाकघरातून अम्मी घाबरून विचारते, ‘‘क्या हुआ रे, कौन गिरा?’’ पडलेले कुणीच नसते. चिरंजीव हेडफोन लावून पलंगावर आडवे असतात आणि त्यांचा मोबाइलमधला शिपाई गोळी लागून गुडघ्यावर आलेला असतो. मोठी माणसे मग एकच निकाल देतात : पोरांची जुबान बिघडली.

पबजी हा खेळ दक्षिण कोरियातल्या कंपनीने २०१७ साली आणला आणि पुढच्याच वर्षी तो मोबाइलवर आला. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्याच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने परतला. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, हत्यारे शोधतात आणि शेवटी एकच गट उरतो. बहुतेक वेळा हा गट, म्हणजे स्क्वॉड, चौघांचा असतो आणि चार गावांतले हे चौघे माइकवर एकमेकांशी बोलत असतात. गोळीबार चालू असताना पूर्ण वाक्य बोलायला सवड कुठली? म्हणून ‘नॉक’ म्हणजे जायबंदी, ‘रिवाइव्ह’ म्हणजे सोबत्याने उठवणे, ‘रश’ म्हणजे थेट चाल करून जाणे, ‘कॅम्पर’ म्हणजे कोपऱ्यात दबा धरून बसलेला. अशी तोकडी भाषा बाजारातल्या दलालांचीही असते.

शिवाय यातले काही शब्द मूळचे आपलेच. ‘लूट’ घ्या. कंपनी सरकारच्या काळात इंग्रजांनी हा शब्द इथून उचलला, आणि आता कोरियन खेळातून तो आपल्या पोरांकडे परत आला आहे. (इथून गेलेल्या लुटीपैकी एवढी एकच वस्तू परत आली म्हणायची!) आणि ‘उर्दू’ या शब्दाचाच तुर्कीत मूळ अर्थ छावणी असा आहे. छावणीचे नाव मिरवणारी भाषा बोलणाऱ्यांनी तरी खिचडी भाषेला नाक मुरडू नये.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच शब्दांची. ‘नूब’ म्हणजे नवशिका. त्यात निदान उद्या शिकेल ही आशा आहे. ‘बॉट’मध्ये ती नाही. बीजीएमआयच्या मैदानात संगणकाने चालवलेली काही पात्रे सोडलेली असतात. ती धड पळत नाहीत, त्यांचा नेम चुकतो. ती म्हणजे बॉट, रोबोटचे लघुरूप. रोबोट हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला आणि तो ज्या चेक शब्दावरून घडला त्याचा अर्थ वेठबिगारी. हाडामांसाच्या सोबत्याला बॉट म्हटले की समोर माणूसच नाही, असे ठरते. पुढे हा शब्द खेळाबाहेर पडतो. गणित चुकलेला वर्गमित्र बॉट, धाकटी बहीण बॉट. वाईट नावाने हाक मारू नये हे सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीतून मक्तबातली मुलेही शिकलेली असतात. पण ‘बॉट’ कानाला शिवीसारखा लागत नाही, म्हणून तो सुटतो.

‘जीजी’चे याच्या उलट झाले. गुड गेमचे हे लघुरूप. कोरियात स्टारक्राफ्ट खेळणारे व्यावसायिक खेळाडू हरले की जीजी लिहून हार कबूल करत. कुस्तीनंतर पैलवानांनी हात मिळवावा तसे. मग जिंकणाऱ्यांनी त्याला ‘ईझी’ जोडले, म्हणजे तुम्हाला हरवणे सोपेच होते. २०१६ साली आलेल्या ओव्हरवॉच या खेळाच्या निर्मात्यांनी यावर नामी उपाय काढला. कुणी ‘जीजी ईझी’ लिहिले की पडद्यावर भलतेच वाक्य उमटायचे : माझी झोपायची वेळ टळून गेली, आईला सांगू नका, अशा थाटाचे.

पण लिहिण्यापेक्षा बोलण्यात जास्त दुखावले जाते. आपल्याकडचे मूल शाळेत मराठी, मक्तबात उर्दू आणि घरी दखनी किंवा कोकणी बोलत वाढते. माइकवर ते सहज बोलून जाते, ‘‘उधर नक्को जाओ,’’ आणि उत्तरेकडचे सोबती खो-खो हसतात. ‘नक्को’ म्हणजे आपल्या मराठी ‘नको’चाच दखनी भाऊ. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशाहने चारशे वर्षांपूर्वी ज्या दखनीत शायरी केली, तीच ही भाषा. पोराला हे कुणी सांगितलेले नसते. दुसऱ्या दिवसापासून ते ‘मत जाओ’ म्हणू लागते आणि महिन्याभराने घरात नानीला टोकते, ‘‘हौ क्या नानी, हाँ बोलो ना!’’ हेच मूल पुढे बिहारच्या एखाद्या मुलाच्या उच्चारांना हसायलाही शिकते.

मुलींचे आणखी वेगळे. आवाज ऐकू आला की टोमणे सुरू होतात, म्हणून कितीतरी जणी माइक बंद ठेवूनच खेळतात. सूचना कानाने ऐकायची आणि उत्तर बोटांनी लिहायचे, तेवढ्यात गोळी लागते. मग त्यांनाच बॉट म्हटले जाते.

एखाद्या रविवारी मुलांना हेडफोन काढून एक सामना स्पीकरवर लावायला सांगा. अर्ध्या तासाचा मामला आहे. शब्द कळले नाहीत तर विचारा, मुले हौसेने सांगतात. आणि नानीलाही शेजारी बसवा. ‘नक्को’वर कुणी हसलेच, तर उत्तर द्यायला ती समर्थ आहे.