कूलरचा पंप आणि विजेची सावधगिरी

वैशाखांत वर्धा जिल्ह्यांत पारा कधीं कधीं ४५ अंशांच्याही वर चढतो. पूर्वीं अशा दिवसांत दारांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपीत असत. आज आर्वी तालुक्यांतील रोहण्यासारख्या गांवींही तें काम कूलर करतो. तत्त्व जुनेंच आहे: पाण्याची वाफ होतांना हवेंतील उष्णता शोषली जाते. परंतु पडद्यावर पाणी शिंपणाऱ्या हाताला विजेचें भय नव्हतें. कूलरांत मात्र पत्र्याची पेटी, पाणी आणि २३० व्होल्टची वीज एकत्र नांदतात. टाकींतला लहानसा पंप बिघडला म्हणजे तो पुष्कळदां घरींच बदलला जातो. म्हणून त्यांतील धोका आधीं समजून घेतला पाहिजे.

पंपाच्या तारेवरील आवरण झिजलें, कीं वीज पाण्यांत व तेथून पत्र्यांत उतरते. कूलर चालूच राहतो आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. घरांत फ्यूज असतां भय कसलें, असा पुष्कळांचा समज असतो. त्याचा हिशेब करून पाहावा. ओल्या देहाचा विरोध सुमारें १००० ओहम धरला, तर त्यांतून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहील. फ्यूज किंवा एम. सी. बी. ६ अथवा १६ अँपिअरचा असेल, तर त्याला याचा पत्ताही लागणार नाहीं. हृदयाची गति बंद पाडण्यास मात्र तेवढा प्रवाह पुरेसा आहे. तात्पर्य, फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे.

माणसाचें रक्षण दोन गोष्टी करतात. पहिली अर्थिंग: पत्र्यांत उतरलेल्या विजेला जमिनीकडे जाण्याची ती सोपी वाट. दुसरी आर. सी. सी. बी. नांवाची कळ. ती जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांची सतत तुलना करते आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडतांच क्षणार्धांत वीज तोडते. तिच्यावरील चाचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें.

आतां पंप बदलण्याविषयीं. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. बटण चुकून न्यूट्रल तारेवर बसविलेलें असल्यास फेजची वीज आंत तशीच राहते. म्हणून प्लगच उपसून ठेवावा व टाकी रिकामी करावी. नव्या पंपाची तार अखंड असावी. तिचा जोड पाण्याच्या पातळीच्या वर, झांकणाच्या डबींत घ्यावा. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड टाकींत कधींही सोडूं नये. अर्थिंगची हिरवी तार, रंग खरवडून, पत्र्यास स्क्रूनें घट्ट आवळावी. प्लग तीन पिनांचाच असावा. त्याची जाड पिन तोडणें म्हणजे रक्षणाची वाट आपल्या हातानें बुजविणें होय. भिंतींतील अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोंचलें आहे कीं नाहीं, हें परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावें.

पाणी भरतांना प्रत्येक वेळीं प्लग काढावा. कोणी विजेला चिकटल्यास त्याला हात न लावतां आधीं मुख्य कळ बंद करावी. सुट्टींत घरांत मुलें असतात आणि गार पाण्यांत हात घालण्याचा मोह त्यांना आवरत नाहीं. त्यांच्यासाठीं तरी हीं दहा मिनिटें कोणीं वांचवूं नयेत.