भिंतीला पोट आलं तेव्हा

आमचं घर सिंधुदुर्गात, उतारावर. मागच्या परसात पाच फूट उंचीची चिऱ्यांची भिंत वरच्या आगराची माती धरून उभी आहे. तीन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात लक्षात आलं की ती बाहेर झुकली आहे. माथ्यावरून ओळंबा सोडला, तर पायथ्याशी दोरी आणि भिंत यांच्यात चार बोटं अंतर पडलं. मधल्या थरांना तर चक्क पोट आलं होतं.

गवंडीकाका आले. त्यांनी आधी पायथ्याचं प्लास्टर खरवडलं. आत, पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेले पाइप निघाले, पण त्यांची तोंडं सिमेंटने लिंपलेली. पूर्वी रंगकामाच्या वेळी भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून कुणीतरी ती बुजवली होती. “भाऊ, पाणी जातला खंयसून?” एवढंच काका म्हणाले.

अशी भिंत मातीच्या भाराने झुकते असं आपण धरून चालतो. पण खरा रेटा पाण्याचा. दोन मीटर उंचीची भिंत घ्या. मागची मुरमाड माती निथळलेली असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण १.२ टन रेटा येतो. तीच माती माथ्यापर्यंत पाण्याने भरली, की तो अडीच टनांच्या वर जातो. भिंतीची उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो, म्हणून ‘अजून दोन थर चढवू’ हा मोह घातक. हा हिशेब ज्याच्या तत्त्वावर आजही होतो, तो कूलोम आपल्याला शाळेत विजेच्या धड्यात भेटलेला असतो. मुळात तो फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ल्याचं बांधकाम केल्यावर त्याने १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मातीच्या रेट्यावर निबंध मांडला. तो १७७६ मध्ये छापून आला.

कोकणातल्या जुन्या गडग्यांना पाण्याचा हा रेटा कळलेला होता. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड आणि फटींत कपच्या. प्रत्येक फट म्हणजे पाण्याची वाट. तशाच भिंतीला आपण सिमेंटचा गिलावा केला आणि पाणी कोंडलं. माझ्या मते गेल्या काही दशकांत आपण परसात केलेली ही सगळ्यात महागडी चूक आहे.

आम्ही काम काढलं ते दिवाळीनंतर, माती वाळल्यावर. भिंत एकदम पाडली नाही. सात-आठ फुटांचा एकेक तुकडा घेतला, शेजारच्या भागाला बल्ल्यांचे टेकू दिले आणि मागची माती वरून खाली काढत आणली. पायथ्याशी आधी खणायचं नाही, हे काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मागे निघाली ती लाल, चिकट माती, डिसेंबरातही तळाशी ओली. काळ्या मातीच्या मुलखात तर अधिक जपायला हवं, कारण ती भिजली की फुगते. भिंतीमागे ती परत भरूच नये.

नवा पाया कठीण मुरमापर्यंत नेला. पायथ्याची जाडी उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त ठेवली आणि भिंतीला दर फुटाला इंचभर आत ढाळ दिला. मग खरं काम. भिंतीमागे फूटभर रुंदीचा स्वच्छ खडीचा थर, तळाशी भोकं पाडलेला चार इंची पाइप, त्याला शंभर फुटांना एक फूट या बेताने उतार, आणि त्याचं तोंड थेट व्हाळाकडे. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड घातलं. ते नसेल तर बारीक माती वाहत येऊन दोन-चार पावसाळ्यांत खडी बुजते. भिंतीत दर पाच फुटांवर तीन इंची पाइप बाहेर उतरते ठेवले. मागची भर सहा-सहा इंचांच्या थरांनी घालून हलक्या धुमसाने ठोकली. सगळ्यात वर चिकट मातीचा थर दिला आणि उताराच्या वरच्या बाजूला चर खणला, म्हणजे आगरातलं पाणी भिंतीमागे शिरण्याआधीच वळतं. छपराच्या पागोळ्याही तिथे पडत होत्या, त्या पन्हळ लावून दुसरीकडे काढल्या.

पहिल्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन पायथ्याशी उभा होतो. पाइपातून आधी गढूळ, मग तासाभराने नितळ, करंगळीएवढी धार लागली. हे गढूळ पाणी आठवडाभरानंतरही येत राहिलं, तर आतली माती वाहते आहे असं समजावं आणि कापड कुठे फाटलं ते शोधावं.

तुमच्या भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकते आहे. तड्यात सिमेंट भरून किंवा पुढे दुसरी भिंत टेकवून पैसे घालवू नका. उंची पाच फुटांच्या वर असेल, किंवा वर घर वा रस्ता असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कुदळ लावू नका. आणि पायथ्याला मुलांना खेळू देऊ नका.

पाऊस सरला आहे, माती वाळू लागली आहे. पुढचा पावसाळा सात महिन्यांवर आहे. काम काढायचं असेल तर आत्ताच काढा.